परदेशी मालकाच्या दारात निदर्शने: ब्लॅकबर्नवाले पुण्यात आले तर?

उजवीबगल (धागाकर्ता)

मंडळी, क्लबचा मालक सातासमुद्रापार बसलेला असला की पाठीराख्यांनी बोंब मारायची कुठे? स्टेडियममध्ये मारून उपयोग नाही, तो तिथे फिरकतच नाही. म्हणून काही जण थेट त्याच्या गावी जातात. लंडनच्या चार्लटन क्लबचे लोक मालक रोलां दुशातले यांच्या विरोधात बेल्जियममध्ये सिंट-ट्रुइडनला गेले. स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबचं पाठीराखं एक जोडपं सिंगापुरात मालक पीटर लिम यांच्या विरोधात स्टिकर लावून बसलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच अडकलं, पासपोर्ट पोलिसांकडे.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. १८७५ सालचा ब्लॅकबर्न रोव्हर्स, १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० पासून कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजच्या, म्हणजे सिंहगड रोडवरच्या व्यंकटेश्वरा हाऊसच्या ताब्यात. २०१२ ला प्रीमियर लीगमधून खाली, २०१७ ला तिसऱ्या पातळीवर, २०१८ ला परत दुसऱ्या पातळीवर आणि तेव्हापासून तिथेच. २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. 'वेंकीज आउट'चे फलक घरच्या ईवूड पार्क मैदानाला नवीन राहिलेले नाहीत.

समजा पंचवीस-तीस लोक ब्लॅकबर्नहून पुण्यात निदर्शनं करायला आले. व्हिसा कुठला, परवानगी कोणाची, आणि मुख्य म्हणजे उपयोग होईल का? भावनिक प्रतिसाद नकोत, माहिती हवी.

अंडाकरी

७ मे २०१२ ला विगनविरुद्धच्या सामन्यात त्यांनी ईवूड पार्कवर क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी सोडली होती. तीच कोंबडी सिंहगड रोडवर आणली तर निषेध वगैरे कोणाला कळणार नाही. पहिला माणूस विचारेल, "केवढ्याला दिली?"

तिसरा रेफरी

चार्लटनचं उदाहरण नीट बघायला हवं, कारण परदेशी निदर्शनं का जमतात आणि का फसतात हे त्यात दोन्ही दिसतं.

दुशातले यांनी जानेवारी २०१४ मध्ये चार्लटन घेतला. त्यांच्याकडे तेव्हा स्टँडर्ड लिएज होता, शिवाय सिंट-ट्रुइडन, अल्कोरकोन, कार्ल झाइस येना आणि उयपेश्त या क्लबांशीही त्यांचा किंवा घरच्यांचा संबंध. पाठीराख्यांना चीड याचीच होती, की आपण एका साखळीतली कडी झालो. २०१६ मध्ये संघ तिसऱ्या पातळीवर घसरला. घरच्या मैदानावरचं आंदोलन कल्पक होतं: मिडल्सब्रोविरुद्ध सामना सुरू होताच बीच बॉल, ऑक्टोबर २०१६ मध्ये कव्हेंट्रीविरुद्ध दोन्हीकडच्या पाठीराख्यांनी मिळून मैदानात फेकलेली खेळण्यातली डुकरं.

तरी मालक हलेना. मग सिंट-ट्रुइडन. हे गाव लहान आहे, दुशातले तिथल्या राजकारणात वावरलेले, आणि स्टायन स्टेडियमला लागून हॉटेल व दुकानं. लंडनमध्ये 'मालक चालते व्हा' ही रोजची बातमी. त्या गावात इंग्लंडहून माणसं येऊन फलक धरतात ही वेगळी बातमी. दाब पडतो तो मालकावर थेट नाही, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतल्या इभ्रतीवर.

आता हिशेब. दक्षिण-पूर्व लंडनहून फोकस्टन सुमारे १०० किमी, समुद्राखालच्या बोगद्यातून ३५ मिनिटं, कॅलेपासून ई-४० ने ब्रुसेल्स, ल्युव्हन करत सिंट-ट्रुइडन सुमारे २६० किमी. जाऊन येऊन सातशेच्या वर. बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा (आठवड्यात दोनदा १०). म्हणजे एका दिवसात जाऊन यायचं तर दोन चालक, नाहीतर मुक्काम. बहुतेकांचं अंदाजपत्रक इथेच कोसळतं, कारण बसचं भाडं एका चालकाचं धरलेलं असतं. धुराच्या नळकांड्या बोगद्यातून नेता येत नाहीत. पत्रक डचमध्ये हवं. तिथून थोड्याच अंतरावरच्या लिएजला तेच पत्रक फ्रेंचमध्ये लागेल, आणि अदलाबदल झाली तर फुकट गेलं समजा.

परवानगीचं म्हणाल तर बेल्जियमच्या घटनेतलं २६ वं कलम बंद जागेतल्या सभेला पूर्वपरवानगीतून मोकळं ठेवतं, उघड्यावरच्या सभेला नाही. अर्ज नगराध्यक्षाकडे. त्यात मार्ग, वेळ, संख्या आणि जबाबदार माणसाचा फोन द्यायचा.

उजवीबगल

वा, हेच हवं होतं. पण 'का फसतात' ते राहिलं.

तिसरा रेफरी

हो. २०१७ मध्ये सिंट-ट्रुइडन क्लब जपानी डीएमएम कंपनीकडे गेला. मालकाची गावातली मोक्याची जागाच गेली, मग तिथे फलक धरून कोणाला दाखवणार? चार्लटन शेवटी जानेवारी २०२० मध्ये विकला, तेही व्हॅली मैदान आणि सरावाची जागा स्वतःकडे ठेवून. मालक गेला आणि घरमालक झाला.

सोमवार ते रविवार

"मालक गेला आणि घरमालक झाला". आमच्या वाड्याचं पुनर्विकास प्रकरण आठवलं, पण धागाकर्ते भावनिक नको म्हणालेत.

कलमबहाद्दर

पुण्याकडे वळू. ब्रिटिश नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो: ३० दिवस, १ वर्ष किंवा ५ वर्षं. त्याची कारणं ठरलेली आहेत: फिरणं, नातेवाईक-मित्रांना भेटणं, योगाचं छोटं शिबिर. 'मालकाच्या दारात घोषणा' त्यात नाही. हॉटेल उतरल्यापासून २४ तासांत फॉर्म सी (परदेशी पाहुण्याची नोंद) भरतं, त्यामुळे कोण कुठे उतरलंय हे यंत्रणेला आधीच माहीत असतं. एकाच गावचे तीस जण एकाच हॉटेलात, हे लपत नाही.

घटनेच्या १९ व्या कलमातलं भाषण व शांततेने जमण्याचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. परदेशी माणसाला १४ (समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य). आणि देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स मुलर खटल्यात म्हटलंय. १९४६ चा विदेशी नागरिक कायदा आता गेला, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू आहे, पण ही चौकट बदललेली नाही.

दुसरा थर पोलीस आयुक्तांचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. त्याचे मनाई आदेश पंधरा-पंधरा दिवसांनी निघत असतात. ३७(३) खाली पाच किंवा अधिक जण विनापरवाना जमायचं नाही. ३७(१) च्या आदेशात शस्त्रांबरोबर प्रतिमांचं प्रदर्शन, मोठ्याने घोषणा आणि वाद्य वाजवणंही येतं. म्हणजे पुतळा जाळणं तर सोडाच, ढोलही नाही. मोडला तर तोच कायदा लागतो, शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जागा आहे तिथे. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी.

बायसिकल किक

पाच किंवा अधिक! म्हणजे चार जणांची बचावफळी चालेल, मधल्या फळीतला एक पुढे आला की बेकायदा.

विरजण

कलमबहाद्दर, १९ व्या कलमावर इतकं ठाम बोलू नका. सुधारित नागरिकत्व कायद्याच्या आंदोलनावेळी जाधवपूर विद्यापीठातल्या एका पोलिश विद्यार्थ्याला देश सोडायची नोटीस आली होती. कोलकाता उच्च न्यायालयाने ती मार्च २०२० मध्ये रद्द केली आणि कलम २१ चा आधार घेतला. परदेशी माणसाला तोंडच नाही असं नाही.

कलमबहाद्दर

निकाल माहीत आहे आणि मुद्दा योग्य आहे. पण तो इथे शिकायला राहिलेला विद्यार्थी होता आणि दाद मागायला थांबू शकला. त्याच काळात मद्रास आयआयटीतला जर्मन विद्यार्थी आणि कोचीतली नॉर्वेची पर्यटक परत गेले. दहा दिवसांची रजा काढून आलेला माणूस उच्च न्यायालयात लढत बसणार नाही. विमान चुकेल. त्याहून मोठी भीती पुढच्या व्हिसाची. एकदा नोंद झाली की गोव्याची सहलसुद्धा विसरा.

पूर्वेचा वारा

सिंगापूरशी तुलना करता पुणे सौम्यच म्हणायचं. तिथल्या २००९ च्या पब्लिक ऑर्डर कायद्यानुसार एकटा माणूस फलक घेऊन उभा राहिला तरी ती 'सभा', आणि परवाना हवा. मोकळीक एकाच ठिकाणी, हाँग लिम पार्कातल्या स्पीकर्स कॉर्नरला, तीही नागरिक आणि कायम रहिवाशांपुरती. २०१६ च्या बदलांनंतर परदेशी माणसाने गर्दीत उभं राहणंही चालत नाही. म्हणून २०१७ च्या पिंक डॉट या समलिंगी हक्कांच्या मेळाव्याला आयोजकांनी कुंपण घालून ओळखपत्रं तपासली.

आणि स्टिकर. व्हँडलिझम कायद्यात रंगाने लिहिणंच नाही, चिकटवणंही येतं. खासगी मालमत्तेवर मालकाची, सरकारीवर अधिकाऱ्याची लेखी संमती हवी. शिक्षा २,००० सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, आणि छडी. पहिल्या गुन्ह्याला छडी मुख्यतः न पुसला जाणारा रंग वापरला तरच. युरोपात विजेच्या खांबावर स्टिकर लावणं ही पाठीराख्यांची सही असते, विचार न करता हात जातो. तिथे तीच सवय पासपोर्ट घालवते. व्हॅलेन्सियाच्या जोडप्यासाठी शहराच्या महापौरांना आणि स्पेनच्या परराष्ट्र खात्याला धावपळ करावी लागली.

अंडाकरी

पण त्यामुळे बातमी झाली ना? स्टिकर कोणी पाहिला नसता.

पूर्वेचा वारा

झाली. पण बातमी 'लिम वाईट मालक' ही नव्हती, 'सिंगापूर कडक आहे' ही होती. विषय बाजूला पडला. २०१४ पासूनच्या मालकीवर काही परिणाम नाही. उलट मे २०२२ मध्ये सेल्टाविरुद्धच्या सामन्याला हजारो लोक व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानाच्या बाहेर थांबले आणि आतल्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या, तो दणका मोठा होता. विमानाचं तिकीट नाही, वकील नाही.

जमाखर्च

सगळे परवानगीतच अडकलेत. मुळात वेंकीजवर काय दाब येणार ते सांगा. क्लबचा तोटा वर्षानुवर्षं मालकच भरतात, समभाग काढून आणि कर्ज देऊन. बाहेरच्या बँकेचा फास नाही. लिव्हरपूलच्या लोकांनी २०१० मध्ये मालक हिक्स आणि जिलेट यांना घालवलं ते परदेशी जाऊन नाही. ज्या ज्या वित्तसंस्थेकडे हे दोघे कर्जाचं नूतनीकरण करायला जात, तिच्या पेटीत ईमेलचा पूर. अखेर १५ ऑक्टोबरला न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्सकडे क्लब ३० कोटी पौंडांना गेला. तिथे मालकाच्या गळ्याला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची दोरी होती, लोकांनी ती ओढली. ब्लॅकबर्नच्या मालकाच्या गळ्यात दोरीच नाही.

आणि तोटा भरणारा मालक गेला तर कोण येणार? बरी (Bury) या इंग्लिश क्लबची २०१९ मध्ये लीगमधून हकालपट्टी झाली, ते आठवा.

विरजण

जमाखर्च, 'हा गेला तर कोण' हे वाक्य प्रत्येक मालकाच्या बाजूने वापरता येतं. पैसा ओतला हे खरं. पण डिसेंबर २०१० मध्ये प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना हटवणं, नंतर स्टीव्ह कीन, मग हेनिंग बर्ग ५७ दिवसांत बाहेर, हे निर्णय पैशाच्या कमतरतेतून आले नव्हते. पाठीराख्यांची तक्रार 'पैसे द्या' ही नाही, 'भेटा आणि बोला' ही आहे. म्हणूनच पुण्याला यायची कल्पना सुचते.

जमाखर्च

मान्य. शिवाय एक काळ असा आला की पैसे पाठवणंही सरळ राहिलं नाही. सक्तवसुली संचालनालयाच्या परकीय चलन कायद्याखालच्या चौकशीमुळे क्लबला रक्कम पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. चौकशी म्हणजे दोष नव्हे, पण क्लबच्या उन्हाळी खरेदीचं वेळापत्रक दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून राहू लागलं. फलकावर हे लिहायचा मोह होईल, तो टाळा. आपल्याकडे बदनामी फौजदारी गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. 'क्लब विका' हे मत आहे. 'चोर' हा आरोप आहे.

कोपऱ्यातला ध्वज

बाळबोध प्रश्न: वेंकीज तर शेअर बाजारात आहे. प्रत्येकाने एकेक शेअर घेऊन वार्षिक सभेत प्रश्न विचारले तर?

जमाखर्च

हा सापळा आहे. बाजारात आहे ती वेंकीज (इंडिया) लिमिटेड. क्लब आहे वेंकीज लंडन लिमिटेडकडे, आणि तिच्यामागे व्यंकटेश्वरा हॅचरीज प्रायव्हेट लिमिटेड. ही खासगी कंपनी, तिचा शेअर तुम्हाला कोणी विकणार नाही. सूचीबद्ध कंपनीच्या सभेत ब्लॅकबर्न काढलंत तर अध्यक्ष एका वाक्यात सांगतील की विषय या कंपनीचा नाही, आणि ते बरोबर असेल.

बदली प्रतिनिधी पाठवायचं डोक्यात असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १०५ वाचा: प्रतिनिधी बसू शकतो, बोलू शकत नाही. दृक्श्राव्य माध्यमातून सभा असेल तर बहुधा प्रतिनिधीची सोयच नसते.

बायसिकल किक

म्हणजे व्हीएआरसारखं (व्हिडिओ पंच). सगळं दिसतं, बोलता काही येत नाही.

सोमवार ते रविवार

अवांतर: ज्यांना 'वेंकीज' म्हणजे फक्त चिकन नगेट्स वाटतात त्यांच्यासाठी. संस्थापक डॉ. बी. व्ही. राव, १९७१ पासूनची हॅचरी, 'संडे हो या मंडे' वाली अंडी समन्वय समिती हेही त्यांच्याच पुढाकारातलं. ब्लॅकबर्नच्या खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये चिकन खायला लावणारी जाहिरात २०११ ची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अख्खा संघ बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला, ३-० जिंकला. निदर्शनांसाठी याहून चांगला दिवस परत मिळायचा नाही.

तिसरा रेफरी

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. परदेशी निदर्शनाला 'प्रसंग' लागतो: सामना, सभा, उद्घाटन. नुसतं कार्यालयासमोर उभं राहिलात तर सुरक्षारक्षक भेटतो, मालक नाही.

उजवीबगल

इंग्लंडमध्ये विमानाच्या शेपटीला फलक बांधून मैदानावरून फिरवतात. पुण्यात?

कलमबहाद्दर

लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. विसरा. ड्रोन आणायचा विचार असेल तर फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनची आयातच बंद आहे, सामानात सापडला तर सीमाशुल्कवाले ठेवून घेतील.

फ्लेक्सबहाद्दर

शेवटी आपल्या खात्यात आलं. फ्लेक्स लावायचा तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी. मंजूर होर्डिंग भाड्याने घेणं सर्वांत सुरक्षित, कारण परवाना होर्डिंगवाल्याकडे असतो आणि तुम्ही फक्त मजकूर देता. पण मजकुरात कोणाचं नाव दिसलं की तोच नाही म्हणेल, त्याला पुढच्या महिन्याचाही धंदा करायचाय. भिंतीवर, खांबावर चिकटवाल तर मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे.

आणि मजकूर इंग्रजीत 'एनफ इज एनफ' वगैरे नको. सिंहगड रोडला सिग्नलवर थांबलेल्या माणसाला तो क्लासचा बोर्ड वाटेल. मराठीत, सात-आठ शब्दांत: हा क्लब कुठला, मालक कुठले, मागणी काय. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या, नाहीतर पेपरात बातमी शुद्धलेखनाची येईल.

अंडाकरी

"१ ते ४ निदर्शने बंद राहतील" हेही घाला.

फ्लेक्सबहाद्दर

हा विनोद येणार हे माहीत होतं, फक्त कितव्या प्रतिसादात एवढाच प्रश्न होता.

विरजण

मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते तीस जणांनी येऊ नये. पुण्यात इंग्लिश फुटबॉल बघणाऱ्यांची कमी नाही, आणि ते नागरिक आहेत, १९ वं कलम त्यांचं आहे. परवानगीचा अर्ज त्यांनी करावा. कार्यालयासमोर नाही मिळाली तर जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, तिथे रोज कोणी ना कोणी असतंच. ब्लॅकबर्नच्या लोकांनी तोच दिवस ईवूड पार्कला धरावा. भारतीय वेळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिथल्या शनिवारी दुपारी तीनला इथे रात्रीचे साडेआठ. म्हणून पुण्याचं सकाळी उरकून त्याचे फोटो तिथल्या फलकावर झळकवायचे.

तिसरा रेफरी

सहमत, फक्त एक भर. सिंट-ट्रुइडनला दाब पडला तो गावाला क्लब माहीत होता म्हणून. पुण्यात दहातल्या नऊ जणांना ब्लॅकबर्न ठाऊक नाही. निदर्शनाआधी मराठी वर्तमानपत्रात एखादा सविस्तर लेख येऊ द्या, नाहीतर पाच जण कशासाठी उभे आहेत हे विचारण्यातच वेळ जाईल. आणि घरचा रस्ता सोडू नका. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झालाय, स्वतंत्र नियामक आलाय, पाठीराख्यांशी सल्लामसलत करणं क्लबवर बंधनकारक होतंय. तिथे तारीखवार तक्रारी दाखल करणं कंटाळवाणं आहे, पण त्याला व्हिसा लागत नाही.

बायसिकल किक

पाच नाही हो, चार. बचावफळी.

उजवीबगल

सगळ्यांचे आभार. समजा यातलं काहीच जमलं नाही आणि फक्त सह्यांचं निवेदन पाठवायचं असेल तर?

कलमबहाद्दर

व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या नोंदणीकृत पत्त्यावर, संचालक मंडळाच्या नावाने. इंग्रजी मूळ प्रत आणि सोबत मराठी. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा आणि पोचपावतीची वेगळी सेवा सांगून घ्या. ती आपोआप मिळत नाही.